अंगावरचे कवडसे

१८७६च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात आल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकाने एका चित्राची यथेच्छ सालटी काढली. ऑग्युस्त रेन्वारचं ते चित्र फार मोठं नव्हतं, ८१ बाय ६५ सेंटिमीटर. झाडाझुडपांत एक तरुणी, कमरेपर्यंत उघडी, केस मोकळे, हातात कडं, बोटात अंगठी आणि सगळ्या अंगावर पानांतून गळलेलं ऊन. वोल्फच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की या रेन्वारमहाशयांना कुणीतरी समजावून सांगा, बाईचं अंग म्हणजे हिरव्या-जांभळ्या डागांनी भरलेला सडक्या मांसाचा गोळा नव्हे. असे डाग प्रेतावर उठतात.

हे परीक्षण मला मनापासून आवडतं. वोल्फचा निकाल चुकला, पण डोळे शाबूत होते. हिरवा आणि जांभळा त्या अंगावर खरोखरच आहे. पानांची सावली जिथे जिथे पडली आहे तिथे तो आहे, आणि रेन्वारने तो लपवलेला नाही. आज ऑर्से संग्रहालयात याच चित्रापुढे उभं राहून 'किती तरल, किती स्वप्नाळू' असं पुटपुटणाऱ्या बहुतेकांना तो हिरवा दिसतच नाही. इम्प्रेशनिस्ट चित्रं आता कॅलेंडरांवर, चहाच्या मगांवर आणि दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आहेत. ती सुंदर असतात हे आपल्याला आधीच कळवलेलं असतं, त्यामुळे बघायचं काम उरत नाही. वोल्फला तसं कुणी कळवलेलं नव्हतं. त्याने चित्र पाहिलं आणि तो हादरला. वाचकाने निदान तेवढं तरी हादरावं, मग आवडलं तर आवडावं, अशी या पुस्तकामागची इच्छा आहे.

इम्प्रेशनिस्ट म्हटलं की आपल्यासमोर येतात ती निसर्गचित्रं: मोनेची कमळांची तळी, गवताच्या गंजी, पिसारोचे रस्ते, सिस्लेचे पूर. ती इथे जवळजवळ नाहीत. हे पुस्तक माणसांच्या चित्रांचं आहे. कारण साधं आहे. गवताची सावली निळी रंगवली तर माणूस कुरकुरतो आणि पुढे जातो. गवताचं नेमकं कुठलं हिरवं, यावर कुणाचंच फारसं काही अडलेलं नसतं. माणसाच्या कातडीचं तसं नाही. भीतीने पांढराफटक पडलेला चेहरा, मार खाऊन काळंनिळं झालेलं अंग, काविळीने पिवळे झालेले डोळे, तापाने लाल झालेले गाल: आपण जन्मापासून कातडीच्या रंगावरून समोरच्याची प्रकृती आणि मनःस्थिती वाचत आलेलो आहोत. आईला मुलाच्या चेहऱ्यावरची छटा बदललेली खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळते. अशा ठिकाणी चित्रकाराने हिरवा लावला की डोळा आधी 'आजार' वाचतो, 'ऊन' नंतर. प्रकाश जसा पडतो तसाच रंगवायचा, वस्तूचा 'खरा' रंग म्हणून काही धरून बसायचं नाही, हा या मंडळींचा आग्रह. त्याची सर्वांत अवघड परीक्षा माणसाच्या अंगावरच व्हायची होती. ती परीक्षा कुणी कशी दिली, कोण उत्तीर्ण झालं, कुणी मध्येच पेपर सोडून उठलं, हे बघण्यात मला रस आहे.

त्यासाठी एक युक्ती सुचवतो. प्रकाशाची चित्रं बघताना प्रकाशाकडे बघू नका, सावलीकडे बघा. उजळ भागात चित्रकाराच्या हातात फारसं काही उरत नाही. पांढऱ्यापेक्षा उजळ रंग नळीत मिळत नाही. सूर्यप्रकाशाची खरी प्रखरता कॅनव्हासवर आणणं अशक्यच असतं. ती भासवायची तर सावलीतून भासवावी लागते, आणि चित्रकाराची अक्कल तिथेच दिसते.

उन्हातली सावली काळी नसते, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, डोळ्यांना पटलेलं नसतं. दुपारी चारच्या सुमाराला गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला आणि तिच्या चुण्यांत बघा. उन्हाच्या बाजूला कापड किंचित पिवळट दिसेल, चुणीच्या पोटात फिकट निळं. थेट ऊन अडलं की त्या जागेला उजेड मिळतो तो मोकळ्या आभाळाचा, आणि आभाळ निळं आहे. शेजारी झाड असेल तर त्यात हिरवा मिसळतो, विटांची भिंत असेल तर तांबूस. म्हणजे सावलीत प्रकाश असतोच, फक्त तो दुसरीकडून आलेला असतो. शिवाय डोळा स्वतःही त्यात भर घालतो. मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँ इथल्या विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग नीट चढत नाही, फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती; शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो मेलेला दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, या विषयावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथच लिहिला. पिवळ्याशेजारचा करडा जांभळट दिसतो, तांबड्याशेजारचा हिरवट. उन्हाच्या पिवळ्या पट्ट्याला लागून असलेली सावली जांभळी दिसायला अशी दोन कारणं आहेत: एक आभाळातलं, एक डोळ्यातलं. चित्रकारांनी शेव्ह्रल वाचला किती आणि ऐकला किती, यावर वाद घालता येईल. पण ही गोष्ट त्या काळच्या स्टुडिओंच्या हवेत होती.

आता रेन्वारच्याच दुसऱ्या चित्राकडे वळतो, कारण तिथे हे सगळं अगदी उघड्यावर आहे. 'झोका' हे चित्र १८७६चं. मोंमार्त्रमधल्या र्‍यू कोर्तो इथल्या एका बागेत ते रंगवलेलं आहे. पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी झोक्यावर उभी आहे, पोशाखावर वरपासून खालपर्यंत निळ्या फिती. एक पुरुष आपल्याकडे पाठ करून तिच्याशी बोलतो आहे, दुसरा झाडाला टेकला आहे, शेजारी एक लहान मूल. बोलणं काय चाललं आहे ते कळत नाही, आणि रेन्वारला ते सांगायचंही नाही. त्याचं लक्ष जमिनीवर आहे. पायवाटेची माती जांभळट गुलाबी आहे आणि तिच्यावर फिकट पिवळट-गुलाबी रंगाचे गोलसर ठिपके सांडले आहेत. तेच ठिपके पाठमोऱ्या पुरुषाच्या निळ्या कोटावर चढले आहेत, मुलीच्या पोशाखावर गेले आहेत.

हे कवडसे गोल का? पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात. फट पुरेशी लहान आणि उंचावर असली की जमिनीवर पडतो तो फटीचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. म्हणून खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सगळे कवडसे एकदम चंद्रकोरीसारखे होतात. रेन्वारने हा प्रकाशशास्त्राचा धडा गिरवला असेल असं मला वाटत नाही. त्याने फक्त दिसलं तसं लावलं. पण त्याच्या आधी शेकडो चित्रकारांनी झाडाखाली माणसं बसवली, आणि त्यांच्या अंगावर ऊन पडलं तर ते अंगाच्या घडणीला सोयीचं असं पडलं: कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर, खांद्यावर. रेन्वारच्या कवडशांना घडणीचं काही देणंघेणं नाही. ते कोटाच्या मधोमध पडतात, पाठीचा गोलवा मोडून टाकतात. इम्प्रेशनिस्टांच्या १८७७च्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा एका समीक्षकाला ते कपड्यांवरचे तेलकट डाग वाटले. पुन्हा तेच: डोळे बरोबर, निकाल चूक. कोट कुठे संपतो आणि ऊन कुठे सुरू होतं, हे क्षणभर कळू नये अशीच ती योजना आहे.

वोल्फला खुपलेला हिरवा मात्र रेन्वारचा शोध नव्हता, हे इथे सांगायला हवं. चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहरा रंगवण्याआधी त्याखाली हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत आणि त्यावर गुलाबी चढवत. वरचा रंग झिजला की त्या जुन्या पाट्यांवरच्या मेरीमाता आजही हिरवट दिसतात. रुबेन्सच्या मांसल आकृत्यांमध्ये निळसर सावल्या आणि लालभडक परावर्तनं भरपूर आहेत, आणि रेन्वार त्या जुन्या मंडळींचा भक्तच होता. फरक इतकाच, की त्यांनी हिरवा पोटात ठेवला होता, याने तो वर आणला.

या पुस्तकाचा वाचक मराठी आहे, तेव्हा आपल्या डोळ्यांवर कुठले संस्कार झाले आहेत तेही ओझरतं बघू. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, आणि पुढे तिथे रुजलं ते युरोपीय अकादमिक शिक्षण: प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, एका बाजूने येणारा ठरीव उजेड, उजळाकडून गडदाकडे जाणारी पायरी-पायरीची छटा. त्यातून आपल्याकडे व्यक्तिचित्रणाची फार भक्कम परंपरा उभी राहिली. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मूळ न पाहिलेल्यांनाही ते पाठ असतं. तिथे उजेडाचा उगम एकच आहे. बोटांतून झिरपलेला तांबूसपणा, चेहऱ्यावर खालून आलेली झळाळी, बाकी सगळा अंधार. काय कुठून उजळलं याचा हिशेब पै न् पै लागतो, आणि त्यातच त्या चित्राचं नवल आहे. अशा चित्रांवर पोसलेला डोळा घेऊन 'झोका' बघायला गेलं की तो गोंधळतो, कारण तिथे उजेड वरून, खालून, पानांतून, मातीवरून, शेजारच्याच्या कपड्यावरून असा चहूबाजूंनी येतो. हळदणकरांची स्त्री अंधारातून कोरून काढली आहे. रेन्वारची मुलगी उजेडात विरघळत चालली आहे. एक चांगलं म्हणून दुसरं कमी, असं नाही. पण एकाचे निकष दुसऱ्याला लावले की आपला वोल्फ होतो.

क्लोद मोनेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १८६६ साली, पंचविशीत असताना, त्याने बागेतल्या स्त्रियांचं एक अवाढव्य चित्र सुरू केलं, अडीच मीटरहून उंच. सगळं उघड्यावर, प्रत्यक्ष उन्हात रंगवायचं असा हट्ट. कॅनव्हासच्या वरच्या भागापर्यंत हात पोचेना, म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कॅनव्हास खाली-वर करण्याची सोय केली. शिडीवर चढला असता तर नजरेची उंची बदलली असती. चित्रकार गुस्ताव कूर्बे बघायला आला, तर हा हातावर हात धरून बसलेला. का? ऊन गेलं आहे. निदान मागची पानं तरी रंगव, असं कूर्बेने सुचवलं, पण पठ्ठ्या हलला नाही. पुढल्या साली 'सालों' या अधिकृत प्रदर्शनाने हे चित्र नाकारलं. फ्रेदेरिक बाझीय या चित्रकार मित्राने ते २,५०० फ्रँकला घेतलं, तेही महिन्याला ५० फ्रँकच्या हप्त्याने. आणि गंमत बघा, एवढा हट्ट करूनही शेवटचा हात त्या चित्रावर फिरला तो स्टुडिओतच.

चित्रातल्या बहुतेक स्त्रियांसाठी उभी राहिली ती कामिल दोंस्यू, मोनेची पुढे झालेली पत्नी. पांढऱ्या झग्यांवरच्या निळसर सावल्या तिथे आहेत, पायवाटेवरची सावलीची पट्टी आहे, छत्रीखालच्या चेहऱ्यावर झग्यावरून परतलेला उजेड आहे. निरीक्षण सगळं झालेलं आहे. पण हात अजून जुनाच आहे. सावल्यांना कडा आहेत, झगे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, १८७५ साली, आर्जांतोयला त्याने त्याच कामिलला पुन्हा उन्हात उभं केलं. हातात हिरवी छत्री, मागे थोड्या अंतरावर सात-आठ वर्षांचा मुलगा झाँ. हे चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, एक मीटर बाय ८१ सेंटिमीटर. बहुधा काही तासांत झालेलं. या प्रस्तावनेत एकच चित्र जवळून बघायचं तर मी हेच निवडेन.

आपण टेकाडाच्या खाली उभे आहोत आणि ती वर, त्यामुळे तिच्यामागे जमीन जवळजवळ नाहीच, सगळं आभाळ आहे. ऊन तिच्या पाठीमागून येतं. म्हणजे आपल्याला दिसते ती तिची सावलीची बाजू. पांढरा झगा पुढून पांढरा नाहीच मुळी. तो निळसर, करडा, जांभळट आहे. खरा पांढरा फक्त पाठीकडच्या कडेला आणि छत्रीच्या माथ्यावर आहे, तिथे रंग जाड आहे. आता झग्याच्या पुढच्या बाजूला, बाहीच्या खालच्या अंगाला बघा: तिथे पिवळा आहे. पायाशी पिवळी रानफुलं फुलली आहेत आणि त्यांच्यावर आदळलेलं ऊन उलट वर चढून तिच्या कपड्याला लागलं आहे. छापील चित्रात हा पिवळा चटकन निसटतो. पण तो काढून टाकला तर बाई टेकाडावर उभी न राहता पडद्यापुढे उभी राहिल्यासारखी वाटेल. कुठल्याही रेषेने तिला जमिनीशी बांधलेलं नाही, या परतलेल्या रंगाने बांधलं आहे.

आणि फटकारे. आभाळात ते आडवेतिडवे, घाईचे, मध्ये मध्ये खालचा हलका थर दिसू देणारे. गवतात लांब, तिरपे, एका दिशेला झुकलेले. झग्यात ते वळसे घेत वर चढतात, जणू वारा कपड्याला पीळ घालतो आहे. वारा रंगवता येत नाही. पण कुंचला ज्या दिशेने गेला ती दिशा रंगवता येते. चेहऱ्यापुढे तलम जाळी उडते आहे आणि तिचे दोन-चार फटकारे चेहऱ्यावरूनच गेले आहेत, खालचा रंग ओला असतानाच. हे धाडस बघून ठेवण्यासारखं आहे. ज्या जागी चित्रकार श्वास रोखून काम करतो, त्या जागेवरून त्याने वाऱ्याला जाऊ दिलं.

फटकाऱ्यांविषयी आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. पहिला असा, की इम्प्रेशनिस्ट शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी लावतात आणि ते लांबून डोळ्यात मिसळतात. हे जॉर्ज सराबद्दल बरंचसं खरं आहे, आणि तो या मंडळींच्या नंतरचा. मोने-रेन्वार पॅलेटवर रंग बिनदिक्कत मिसळत, कॅनव्हासवर ओल्यात ओला ओढत, पांढरा तर सढळ हाताने घालत. दुसरा समज, की त्यांनी काळा रंग हद्दपार केला. १८७४च्या पहिल्या प्रदर्शनातलं रेन्वारचं 'नाट्यगृहातला सज्जा' बघा. त्यातल्या स्त्रीच्या पोशाखावर काळ्याचे असे राजेशाही पट्टे आहेत, की शेजारचा गळ्याचा गोरेपणा त्यांच्यामुळेच उजळतो. काळा त्यांना चालत होता. काळ्याने सावली करणं चालत नव्हतं.

साधनांचं श्रेय मात्र द्यायला हवं. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची, दाबून रंग काढायची नळी आणली नसती तर टेकाडावर जाऊन तासा-दोन तासांत काम उरकणं अवघडच होतं. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, सोमलाचं विष पोटात घेऊन आलेला एमराल्ड ग्रीन, क्रोम पिवळा: हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशाळांचे रंग. पत्र्याच्या पट्टीत बसवलेला चपटा कुंचलाही तेव्हाचाच. रुंद, एकसारखा, चौकोनी फटकारा त्याने शक्य केला.

चित्रकर्ती बेर्त मोरिसोवर या पुस्तकात दोन प्रकरणं आहेत आणि ती मी जाणूनबुजून मोठी केली आहेत. घरंदाज बाईने कॅफेत किंवा नाचगाण्याच्या बागेत एकटीने चित्रफलक लावणं त्या पॅरिसला मान्य नव्हतं. तिच्या वाट्याला आली घरं, बागा, बहिणी, मुलगी, दाई. १८७२च्या 'पाळणा' या चित्रात तिची बहीण एद्मा झोपलेल्या बाळाकडे बघते आहे आणि मधे पाळण्याची जाळी आहे. पांढऱ्यातून पांढरं दाखवणं म्हणजे काय, ते तिथे शिकावं: जाळीआडचं बाळ दिसतंही आणि दुरावतंही. १८७९च्या सुमाराच्या, होडीतल्या दोन स्त्रियांच्या चित्रात तर ती सगळ्या पुरुषांच्या पुढे जाते. पाणी आणि झगे एकाच नागमोडी फटकाऱ्याने रंगवलेले आहेत. आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी ठेवायची असते, हा नियम तिने गुपचूप मोडीत काढला. त्या वेळच्या समीक्षकांनी यालाच बायकी नाजूकपणा म्हणून गोंजारलं. त्या फटकाऱ्यांचा वेग बघता नाजूक हा शब्द मला सुचला नसता.

एद्गार दगा या सगळ्यात असून नसल्यासारखा. उन्हात जाऊन रंगवणाऱ्यांची तो टिंगल करायचा. त्याचा प्रकाश रंगमंचाचा, पायाजवळच्या दिव्यांचा, खालून वर जाणारा. त्याच्या नर्तकींची हनुवटी उजळते आणि डोळे सावलीत जातात. आपल्या ओळखीचा चेहरा उलटा होतो. त्याच्यावर मराठीत वेगळं पुस्तक व्हायला हवं, इथे त्याला फक्त साक्षीला बोलावलं आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. माणसाकडे उजेड पडण्याची एक जागा म्हणून बघायचं ठरवलं, की माणसाचं काय होतं? १८७९ साली कामिल वारली, बत्तिसाव्या वर्षी. मोनेने तिचं मृत्युशय्येवरचं चित्र रंगवलं. आयुष्याच्या उतारावर त्याने आपला मित्र क्लेमांसो याला सांगितलं, की त्या वेळी आपण तिच्या कपाळावर बदलत जाणाऱ्या छटा मोजतो आहोत, हे ध्यानात येऊन आपल्यालाच धक्का बसला. निळा, पिवळा, करडा. प्रेतावरचे रंग, असं वोल्फ तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच चित्राबद्दल म्हणाला होता. मला यात क्रूरपणा दिसत नाही. आयुष्यभर लावलेली सवय दुःखात सुटत नाही, इतकंच. पण १८८६ साली मोनेने तीच कल्पना पुन्हा घेतली, टेकाडावर छत्री घेतलेली तरुणी, या वेळी सुझान ओशदे, एकदा डावीकडे वळलेली, एकदा उजवीकडे. ऊन अप्रतिम आहे, गवत अप्रतिम आहे, आणि चेहरा जवळजवळ पुसलेला आहे. नाक-डोळे शोधावे लागतात. त्यानंतर त्याने मोठ्या आकाराची माणसं फारशी रंगवली नाहीत, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. त्याच्या पद्धतीला माणूस लागत नव्हता.

चित्रांच्या छपाईविषयी थोडं. जांभळ्या आणि हिरव्या रंगांची खोली छापखान्यात नेहमीच गाठता येते असं नाही, आणि जाड रंगाची उंची तर कागदावर येतच नाही. प्रत्येक चित्राखाली मूळ माप दिलं आहे. ते हातांनी हवेत मोजून बघा, मग पान उलटा. मुला-मुलीकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाणारे आपले कितीतरी आईवडील वॉशिंग्टन आणि लंडन बघतात. दोन्हीकडच्या नॅशनल गॅलऱ्यांत प्रवेश फुकट आहे. सगळी दालनं उरकण्याऐवजी एकाच चित्रापुढे अर्धा तास काढावा: आधी इतकं जवळ जावं की पहारेकरी खाकरेल, माणूस मोडून नुसते फटकारे उरतील, मग एकेक पाऊल मागे येत ते पुन्हा माणूस केव्हा होतात ती जागा शोधावी. रेन्वारसाठी ती जवळ असते, मोनेसाठी बरीच लांब.

लंडनचा उल्लेख झाला म्हणून शेवटी 'छत्र्या'. रेन्वारचं हे चित्र ह्यू लेन या आयरिश संग्राहकाचं. तो १९१५ साली 'लुसिटानिया' बोटीबरोबर बुडाला, आणि मृत्युपत्राच्या पुरवणीवर साक्षीदाराची सही नसल्याने लंडन आणि डब्लिन यांच्यात अनेक दशकं भांडण चाललं. आता चित्र आळीपाळीने दोन्हीकडे असतं. पावसात छत्र्यांची दाटी, उजवीकडे एक आई आणि तिच्या दोन मुली, डावीकडे हातात टोपली घेतलेली, बिनटोपीची, बिनछत्रीची तरुणी. रेन्वारने उजवी बाजू १८८१च्या सुमारास रंगवली. मग तो इटलीला गेला, राफाएलची भित्तिचित्रं आणि पाँपेईची चित्रं पाहिली, आणि आपल्याला रेखाटन येत नाही या विचाराने अस्वस्थ झाला. चित्र पडून राहिलं. १८८५च्या आसपास त्याने ते पुन्हा हाती घेतलं आणि डावीकडची तरुणी नव्याने रंगवली. आधी तिच्या अंगावर लेसचा पोशाख होता, डोक्यावर टोपी होती, दोन्ही गेलं. उजवीकडच्या मुलींच्या गालांवर, पिसांवर, लेसवर कुंचला पिसासारखा फिरला आहे, कडा कुठेच नाही. डावीकडच्या बाईला मात्र घट्ट बाह्यरेषा आहे, झग्याच्या चुण्या दगडात कोरल्यासारख्या आहेत. एकीचे कपडे पाच वर्षं जुन्या फॅशनचे, दुसरीचे ताजे. नॅशनल गॅलरीच्या प्रयोगशाळेने रंग तपासले तेव्हा निळेसुद्धा दोन निघाले: आधीच्या टप्प्यात कोबाल्ट, नंतरच्यात कृत्रिम अल्ट्रामरीन.

एकाच कॅनव्हासवर चित्रकाराने स्वतःशी घातलेला हा वाद मिटलेला नाही, आणि रेन्वारने तो तसाच राहू दिला. माझा कल उजवीकडे आहे. त्या लहान मुलीच्या चेहऱ्यावर पावसाळी आभाळाचा करडा उजेड जसा बसला आहे तसा डावीकडे कुठेच नाही. तिथे पाऊस असून नसल्यासारखा आहे. पण गॅलरीतून बाहेर पडल्यावर लक्षात राहते ती डावीकडचीच, सरळ आपल्याकडे बघणारी, हेही खरं. असं का होतं, याचं उत्तर या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात शोधलं आहे. ते संपूर्ण प्रकरण या एका चित्रावर आहे. ज्यांना धीर नसेल त्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.